उपकेंद्राचा निकष डोक्यांवर नको, अंतरावर ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०२७ च्या फेब्रुवारीत जनगणनेची प्रत्यक्ष मोजणी व्हायची आहे आणि पेपरात त्याबद्दल जे काही येतंय ते सगळं जातीच्या रकान्याबद्दल नाहीतर मतदारसंघांच्या फेररचनेबद्दल. आमच्यासारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना या मोजणीची वेगळीच काळजी लागलीय, ती कुणी लिहिताना दिसत नाही म्हणून मी लिहितेय. आमची माणसं यावेळी अजून कमी भरणार, आणि माणसं कमी भरली की सरकारी आरोग्य उपकेंद्र, तिथली सिस्टर, आशाताई या सगळ्याचाच हिशोब नव्याने मांडला जाणार.

मी संगमेश्वर तालुक्यात पूर्वेकडच्या एका गावात राहते. गाव एक पण वाड्या सात, एकमेकींपासून लांब, मध्ये वहाळ, चढ, जंगल. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर मी आहे त्यामुळे ही कागदपत्रं हाताखालून जातात, आणि घरात सासूबाई बीपी आणि शुगर दोन्हीच्या पेशंट, त्यामुळे उपकेंद्राच्या पायऱ्याही रोजच्या ओळखीच्या.

२०११ ला मुंबई शहर सोडलं तर महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे दोनच होते, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरीत २००१ ला १६ लाख ९६ हजार माणसं होती ती दहा वर्षांत १६ लाख १५ हजारांवर आली. त्याच मोजणीत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका भरल्या, म्हणजे कर्ती माणसं कुठे आहेत ते कुणी सांगायला नको. मागची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, पुढचीही फेब्रुवारीतच, शिमग्याच्या आधी. तेव्हा चाकरमानी आलेले नसतात, घरांना कुलपं असतात. तेच गणपतीत येऊन बघा, एकेका घरात वीस वीस माणसं, आणि नेमकं त्याच दिवसांत ताप, जुलाब, पडझड, गाड्यांचे अपघात सगळं वाढलेलं असतं आणि ते सगळं त्याच एका उपकेंद्रावर येतं. मोजताना मात्र ती माणसं आमच्या खात्यात नाहीत.

आता निकष काय तो सांगते, कारण बऱ्याच लोकांना माहीत नसतो. सपाट भागात ५००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी. डोंगरी आणि आदिवासी भागात ३००० ला उपकेंद्र, २०,००० ला पीएचसी. ऐकायला सवलत वाटते. पण रत्नागिरी जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला १९७ आहे, राज्याची ३६५. म्हणजे जिल्ह्याच्या सरासरीने धरलं तरी ३००० माणसं गोळा व्हायला १५ चौरस किलोमीटर लागतात, आणि त्या सरासरीत रत्नागिरी, चिपळूण ही शहरं पण आली. आमच्या बाजूला डोंगराला लागून वाड्या आहेत तिथे तर याच्या दुप्पट तिप्पट लागतील. आणि किलोमीटर हे नकाशावरचे, पायाखालचे नाहीत. पावसात साकवावरून, म्हणजे वहाळावरच्या छोट्या पुलावरून, पाणी गेलं की समोर दिसणाऱ्या वाडीला जायला रस्त्याने वळसा घालून तासभर लागतो.

आणि यातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठल्याच निकषात धरलेली नाही. गावं रिकामी होतात म्हणजे सगळे सारखे जात नाहीत ना. जातात ते पंचविशीतले, तिशीतले, धडधाकट. मागे राहतात ते सत्तरी ओलांडलेले, आणि त्यांना सांभाळणाऱ्या पन्नाशीच्या सुना. म्हणजे माणसं निम्मी झाली म्हणून आजारपणं निम्मी होत नाहीत, उलट राहिलेल्या प्रत्येक माणसामागे बीपी, शुगर, मोतीबिंदू, गुडघे, लकवा हे वाढतच जातं. पूर्वी उपकेंद्र म्हणजे बाळंतपणं, लसीकरण आणि नसबंदीची टार्गेटं असं होतं, आमच्या सिस्टरच सांगतात की आता दिवसभरात बघितलेल्यातले बहुतेक बीपी शुगरवाले. तरी पदं किती आणि औषध किती हे अजून डोकी मोजूनच ठरतं.

डोलीचं सांगते. शहरातल्या वाचकांना डोली म्हटलं की लग्न आठवत असेल, आमच्याकडच्या धनगरवाड्यांवर आजही आजारी माणूस डोलीतूनच खाली येतो. एक जाड बांबू घ्यायचा, त्याला घोंगडी नाहीतर चादर दोन्ही टोकांना आवळून बांधायची, आत माणूस झोपवायचा आणि पुढे दोन मागे दोन असं खांद्यावर घ्यायचं. उतार असेल तर पुढच्याने हात वर करून बांबू धरायचा, नाहीतर आतला माणूस घसरत पायाकडे गोळा होतो. वाट तासाची असेल तर खांदे बदलायला आणखी चार जण हवेत. म्हणजे आठ गडी. मागच्या पावसाळ्यात वरच्या वाडीतल्या एका आजोबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा वाडीत उचलू शकतील असे पुरुष तीन होते, त्यातला एक साठीचा. दोन बायकांनी खांदा दिला, खालच्या वाडीतनं पोरं वर येईपर्यंत निम्मी वाट त्यांनीच काढली. आजोबा वाचले. पण दरवेळी वाचतील असं नाही, आणि पाच वर्षांनी त्या बायका पण साठीच्या होतील. रस्ता नाही हे सगळे बोलतात, पण उचलायला माणसंच उरलेली नाहीत हे कुणी धरतच नाही, आणि जिथे उचलणारं कुणी नाही तिथे दवाखानाच माणसाजवळ यायला लागेल ना.

दुसरं फुरशाचं. कोकणात हा साप भरपूर, लांबीने हात दीड हात, जांभ्याच्या दगडाखाली, पाचोळ्यात, गवतात बसलेला. गवत कापताना, भात कापताना बोटाला नाहीतर पावलाला डसतो. पटकन काही होत नाही म्हणून माणूस तास दोन तास घरीच काढतो आणि मग हिरड्यांतनं, लघवीतनं रक्त यायला लागतं. यावर औषध आहे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी एकच लस देशात बनते, पण सुरुवातीलाच ८ ते १० वायल, म्हणजे छोट्या बाटल्या, लागतात आणि त्या देताना रिअ‍ॅक्शन आली तर सांभाळणारा डॉक्टर समोर लागतो. विष रक्तात भिनलंय का ते ओळखायची तपासणी मात्र इतकी साधी आहे की कुठल्याही उपकेंद्रात व्हावी, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकी करून बघायची, गोठलं नसेल तर लस हवी. ना लाइट लागते ना मशीन. लागते फक्त तिथे राहणारी, शिकलेली एक व्यक्ती. आमच्याकडे संध्याकाळी सहानंतर ती नसते. यात मी सिस्टरला दोष देत नाही हे आधीच सांगते.

कारण सिस्टर राहणार कुठे? उपकेंद्राच्या इमारतीतच मागे क्वार्टर आहे, कागदावर. छत गळतं, भिंतीला ओल धरलेली, संडासचं दार सडलेलं, विहिरीचं पाणी एप्रिल-मेत आटतं. एकटी बाई, लहान मुलगी, आजूबाजूची घरं बंद. ती तालुक्याच्या गावाला खोली घेऊन राहते आणि पहिल्या गाडीने येते, शेवटच्या गाडीने जाते. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. आणि तिच्याकडे काम बघा, आमचं गाव, शेजारची दोन गावं, पलीकडच्या उपकेंद्राचं पद रिकामं म्हणून तिथला अतिरिक्त चार्ज, वर सगळी माहिती वेगवेगळ्या अ‍ॅपवर भरायची आणि रेंज फक्त शाळेच्या मागच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर. ई-संजीवनीवर डॉक्टरशी व्हिडिओवर बोलता येतं म्हणतात, चांगलीच सोय आहे, पण आमच्या उपकेंद्रात बसून ते होत नाही, पेशंटला घेऊन टेपावर कोण चढणार.

औषधांचंही तेच. वाडीतल्या एक काकी आहेत, पंचाहत्तरीच्या, एकट्या राहतात, मुलगा नालासोपाऱ्याला. त्यांना बीपीची गोळी रोज एक आहे. त्या विळीवर गोळीचे दोन तुकडे करतात आणि अर्धी अर्धी घेतात, कारण गोळ्या मिळतात दहा नाहीतर पंधरा दिवसांच्या आणि संपल्या की परत उपकेंद्रापर्यंत यायचं म्हणजे जाऊन येऊन अर्धा दिवस आणि गुडघे. डब्यात त्यांनी ते तुकडे मोजून कागदात बांधून ठेवलेले मी बघितलेत. काकींना कुणी अडाणी म्हणेल तर मला राग येईल, त्यांनी त्यांच्या पायांचा आणि एसटीच्या टाइमटेबलचा हिशोब बरोबर केलाय, चुकलंय ते दहा दिवसांच्या पाकिटाचं धोरण. ज्याचं बीपी स्थिर आहे अशा पेशंटला एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला काय अडचण आहे? आशाताई महिन्यातनं एकदा घरी जाऊन बीपी बघेल, मशीन तिच्याकडे द्या. अर्ध्या गोळीवर राहिलेल्या माणसाला लकवा झाला तर अ‍ॅम्ब्युलन्स, कोल्हापूर किंवा कऱ्हाडचा दवाखाना, आणि नंतर वर्षानुवर्षं अंथरुणावर, याचा खर्च गोळ्यांपेक्षा किती मोठा होतो हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

गाडी येते का, हाही प्रश्न आरोग्याचाच आहे आमच्यासाठी. २०२१-२२ ला एसटीचा संप होता तेव्हा वस्तीची गाडी बंद, आणि कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या तपासण्या आणि गोळ्या तेव्हा सुटल्या त्या सुटल्याच. १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स २०१४ पासून आली, त्याने खूप जीव वाचले हे मोकळेपणाने मान्य करायला पाहिजे, पण सुरुवात झाली तेव्हा अख्ख्या राज्याला ९३७ गाड्या होत्या. आमच्यापर्यंत यायला तिला डांबरी रस्ता संपेपर्यंतच किती वेळ लागतो ते वेगळं, आणि मोठा आजार असेल तर पुढे रत्नागिरी नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूर. पावसात घाट बंद झाला की संपलंच. सिंधुदुर्गातली माणसं तर वर्षानुवर्षं गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजवर अवलंबून आहेत. आता ओरोसला २०२१ पासून आणि रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आनंदच आहे, पण कॉलेज जिल्ह्याच्या गावाला आलं म्हणून वाडीवरची सिस्टर संध्याकाळी थांबायला लागत नाही.

कुणाला वाटेल की एवढ्याशा वस्तीसाठी एवढा खर्च कशाला, माणसंच नाहीत तर. माझ्या तोंडावर असं बोलणारे साहेब भेटलेत. त्यांची बाजू मला अगदीच कळत नाही असं नाही, रोज दहा पेशंट असलेल्या ठिकाणी एमबीबीएस बसवायचा की रोज शंभर असलेल्या ठिकाणी, पैसे तेवढेच आहेत. पण विरळ भागात काम केलेल्या लोकांनी काय करून दाखवलंय ते बघा. महाडजवळ बिरवाडीच्या पीएचसीत डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ ला रुजू झाले. तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, जास्त करून लहान मुलं, पटापटा दगावायची, गंभीर पेशंटमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं. ते रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून नाडी, बीपी लिहून ठेवत राहिले आणि त्यातून प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी यावर लागू पडते हे जगाला कळलं, मृत्यू १ टक्क्याच्या आसपास आले. हा शोध मुंबई-दिल्लीच्या लॅबमध्ये लागला नसता, कारण विंचू चावलेला माणूस तिथपर्यंत पोचतच नव्हता. डॉक्टर तिथे राहत होते म्हणून लागला.

गडचिरोलीत तर घनता ७४. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवलं, आरोग्यदूत केलं. बाळ जन्मलं की घरी जायचं, वजन करायचं, श्वास मोजायचा, ताप बघायचा, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायचं. ३९ गावांत हे केलं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात ते छापून आलं आणि २०११ ला केंद्र सरकारने तीच पद्धत आशांमार्फत देशभर घेतली. तिथे रस्ते नव्हते, डॉक्टर लांब होते, तरी झालं, कारण शिकलेला माणूस वाडीतलाच होता, त्याला शेवटची गाडी पकडायची नव्हती. मग जे बाळांसाठी झालं ते आमच्या म्हाताऱ्या माणसांसाठी का नाही होणार? बीपी बघणं, पायाची जखम बघणं, गोळ्या चुकल्यात का विचारणं, लकव्याची पहिली लक्षणं ओळखणं, हे आशाताईला शिकवता येतं. फक्त तिला त्याचे नीट पैसे द्या. २०२४ च्या सुरुवातीला या बायकांना आझाद मैदानावर ठाण मांडून बसावं लागलं तेव्हा कुठे मानधनवाढ हातात आली. आणि हजार लोकसंख्येमागे एक आशा हा नियम आमच्याकडे लावूच नका, डोंगरी भागात वस्तीमागे एक आशा नेमायची सूट मूळ योजनेतच आहे. आमच्या आशाताई सात वाड्या पायी करतात.

आजार ओळखायचा तरी वाडीवर कुणीतरी लागतं हेही विसरून चालणार नाही. २०१६ ला दोडामार्ग तालुक्यात माकडताप निघाला, जंगलात माकडं मरायला लागली आणि काजू-बागेत, रानात जाणारी माणसं तापाने फणफणली. असले आजार विरळ वस्तीच्या जंगलपट्ट्यातच निघतात. लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचं, तसंच, भातलावणीच्या दिवसांत साधा ताप म्हणून काढला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी किडनीवर गेला. तिथे सिस्टर फिरत नसेल तर पहिला पेशंट कळतो तो जिल्ह्याच्या दवाखान्यात गेल्यावर.

म्हणून मागणी एकच मोठी आहे, बाकीच्या त्याच्या मागनं येतात. उपकेंद्र कुठे असावं, किती पदं असावीत, हे माणसं मोजून नाही तर पोचायला लागणारा वेळ मोजून ठरवा, आणि त्यात साठीवरच्या माणसांना जास्त वजन द्या. ही काही नवी कल्पना नाही. केंद्र सरकारने डोंगराळ राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांसाठी आणि वाळवंटी भागासाठी वस्तीपासून चालत ३० मिनिटांत उपकेंद्र असा निकष मान्य केलेलाच आहे. हिमाचलचा डोंगर तेवढा डोंगर आणि सह्याद्री नाही असं तर कुणी म्हणणार नाही. राज्य सरकारने संगमेश्वर, राजापूर, लांजा, वैभववाडी, दोडामार्ग, तसंच पुणे जिल्ह्यातलं राजगड (पूर्वीचं वेल्हे), नाशिक-पालघरकडचे डोंगरी भाग, या सगळ्यांसाठी तोच निकष मागून घ्यावा, आणि पावसाळ्यातला वेळ धरावा, मे महिन्यातला नाही.

तोपर्यंत करण्यासारखी कामं आहेत आणि त्याला मोठे पैसे लागत नाहीत. सिस्टरचं क्वार्टर राहण्यासारखं करा, आधी संडास, पाणी आणि दाराची कडी, मग रंग. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी आरोग्याचे वेगळे पैसे स्थानिक संस्थांना ठरवून दिले होते, त्यातले आपल्या उपकेंद्राच्या वाट्याला काय आले हे प्रत्येक ग्रामसभेने विचारावं. समितीला वर्षाला १० हजार मिळतात, त्यात छप्पर होत नाही पण पाण्याची टाकी होते, आमच्याकडे झालीय. लांबच्या उपकेंद्रावर राहणाऱ्या सिस्टरला आणि डॉक्टरला वेगळा भत्ता द्या आणि तीन वर्षांनी हव्या त्या ठिकाणी बदली द्या, आणि ती खरंच द्या, नाहीतर पुढचा कुणी येत नाही. आमच्या वाड्यांतल्या बारावी झालेल्या मुलींना एएनएम, जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सना सरकारी खर्चाने पाठवा, त्याबदल्यात पाच वर्षं याच तालुक्यात नोकरी. मुंबईला जाऊन घरकाम किंवा मॉलमध्ये उभं राहण्यापेक्षा त्यातल्या निदान काही जणी आनंदाने राहतील, मी विचारलंय त्यांना. आणि एसटीच्या आगाराने उपकेंद्राचे लसीकरणाचे आणि बीपी-शुगर तपासणीचे दिवस विचारून त्या दिवशी दुपारची एक फेरी वाढवावी, याला मंत्रालयातनं जीआर पण लागत नाही, दोन खात्यांनी एकमेकांना फोन केला तरी होतं.

आमच्या ग्रामसभेत वेळेच्या निकषाचा ठराव घेतलाय आणि जिल्हा परिषदेला व आमदारांना पाठवलाय. ज्या गावांना हे पटतंय त्यांनी फेब्रुवारीच्या मोजणीआधी आपापल्या ग्रामसभेत तसाच ठराव घ्यावा, त्यात आपल्या सगळ्यात लांबच्या वाडीपासून उपकेंद्रापर्यंत पावसाळ्यात चालत किती मिनिटं लागतात आणि वाडीत साठीवरची माणसं किती, हे दोन आकडे नक्की लिहावेत. आपल्या पेपरने ते आकडे तालुकावार छापले तर जिल्हा परिषदेला ते बाजूला ठेवता येणार नाहीत, एवढी विनंती.

आपली,
एक ग्रामस्थ, सदस्य, गाव आरोग्य समिती
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी